घरचं विचारायचं काम : मेडिसिन युनिटमधल्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळी संपली, वॉर्ड पुन्हा भरला. सणाला घरी जायचं म्हणून सही करून गेलेले काही जण आज परत आलेत, पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत. सकाळच्या राउंडला सरांनी एका केस पेपरवर बोट ठेवलं. तोच माणूस, तेच हार्ट फेल्युअर, या वर्षातलं तिसरं ॲडमिशन. "डोस वाढवून झाला, गोळी बदलून झाली. हा घरी काय खातो, कोणाबरोबर राहतो, हे कोणी विचारलंय?" सगळे इंटर्नकडे बघायला लागले, इंटर्न जमिनीकडे. राउंड संपेपर्यंत प्रकल्प माझ्या गळ्यात पडला होता.

काम असं ठरलं. आमच्या युनिटला दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला पहिल्या दोन दिवसांत इंटर्नने घरच्या अडचणींबद्दल मोजके प्रश्न विचारायचे. उत्तरं केस पेपरला लावायची. डिस्चार्जच्या आधी त्यातलं काय निस्तरता येतं ते बघायचं. मी दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, माझ्या प्रबंधाचा विषय वेगळाच आहे, त्यामुळे हे सगळं इमर्जन्सी ड्यूटी सांभाळून. नोंदी म्हणून इथे ठेवतेय. पुढच्या बॅचला उपयोगी पडाव्यात.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आधी वाचन. अमेरिकेत या कामाला बरंच बळ मिळालंय. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना चालवणाऱ्या तिथल्या केंद्रीय संस्थेने २०१७ साली एक प्रश्नावली काढली. तिचे मुख्य पाच भाग: घर, अन्न, प्रवास, वीज-पाण्याची बिलं आणि घरातली मारहाण. दाखल झालेल्या किती प्रौढ रुग्णांना हे पाच विषय विचारले, याचा हिशेब देणं तिथल्या रुग्णालयांना २०२४ साठी सक्तीचं केलं होतं. अन्नाचे दोन प्रश्न त्याआधीच्या, २०१० मधल्या एका अभ्यासातून आलेत. भुकेची अठरा प्रश्नांची लांबलचक मोजपट्टी होती, तिची दोन वाक्यं केली.

माझ्या को-रेसिडेंटचं म्हणणं, तीच भाषांतर करून वापरू, पेपर छापायला सोपा जाईल. मला पटत नाही. वीज कापण्याची नोटीस आली का, हे विचारून आम्हाला काय कळणार? इथे अर्ध्या रुग्णांच्या घरी मीटर भावाच्या नावावर असतो.

दुसरं म्हणजे ही कल्पना आपल्याकडे काही परवा उतरलेली नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये रुग्णालयात समाजकार्य सुरू केलं, हे पुस्तकात असतं. पण मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. देशाच्या आरोग्यसेवेची आखणी मांडणारा भोर समितीचा अहवालही त्याच वर्षीचा. सरकारी रुग्णालयांत आज त्या पदाला 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' म्हणतात. आमच्याकडेही आहेत. कॅज्युअल्टीच्या मागच्या खोलीत बसतात. मी या कॉलेजात एमबीबीएसपासून आहे आणि त्या खोलीत आज पहिल्यांदा गेले.

खोलीत एक टेबल, दोन कपाटं, टेबलावर फायलींची चळत. अनोळखी रुग्णांचे कागद, पोलीस पत्रव्यवहार, वृद्धाश्रमाला लिहिलेली पत्रं, गरीब रुग्ण निधीचे अर्ज, एका बाजूला कोणीतरी दान दिलेल्या साड्यांचं गाठोडं. अधीक्षक मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "विचारायला तुम्ही पंधरा पोरं. निस्तरायला मी एकटी. आधी हे सांगा की रोज माझ्याकडे किती कागद येणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण प्रश्नावली कशी करायची याचा धडा त्या एका प्रश्नात मिळाला. ज्या उत्तरावर रुग्णालयात कोणीही काही करू शकत नाही, तो प्रश्न कागदावर नको.

११ नोव्हेंबर, सोमवार

पहिली चाचणी, पुरुष वॉर्ड. इंटर्नने क्लिपबोर्ड घेतला, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि बँकेतला कारकून विचारतो तसं विचारायला लागला. "गेल्या वर्षभरात घरातलं धान्य संपेल अशी काळजी वाटली का?" शेजारच्या खाटेवरचे, त्यांचे नातेवाईक, सलाईन बदलायला आलेल्या सिस्टर, सगळे कान देऊन. आजोबा म्हणाले, "नाही नाही, देवाच्या कृपेने सगळं बरंय." पुढच्या खाटेवर तेच, त्याच्या पुढच्यावर तेच. कागदावर वॉर्ड एकदम सुखी.

त्याच आजोबांची सून नंतर जिन्यात वॉर्डातल्या मावशींना सांगत होती की कालपासून दवाखान्यातल्या जेवणातलंच दोघं वाटून खातोय, बाहेर डबा परवडत नाही. मावशींनी मला सांगितलं. मावशी आणि मामांना प्रत्येक खाटेचं सगळं माहीत असतं. फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

बदल: क्लिपबोर्ड बंद. उभं राहून विचारायचं नाही. रक्त घेताना, ड्रेसिंग करताना, बोलत बोलत विचारायचं आणि नंतर ड्यूटी रूममध्ये येऊन लिहायचं. नातेवाइकाला वेगळं, बाहेर व्हरांड्यात. आणि मावशींशी बोलणं हा कामाचाच भाग.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रश्न पुन्हा लिहिले. 'काळजी वाटली का' गेलं. आता विचारतो: काल संध्याकाळी घरी काय केलं होतं? सकाळी कामावर जाताना काय खाऊन जाता? सोबत कोण थांबलंय, आणि ते इथे असल्यामुळे कोणाची मजुरी बुडतेय? घरी कसं जाणार, शेवटची एसटी किती वाजता? रेशनकार्ड आहे का, कुठल्या रंगाचं, आणि ते आत्ता आहे कुठे? हा शेवटचा प्रश्न मॅडमनी घालायला लावला. कार्ड असतं, पण ते दिराकडे असतं, सावकाराकडे असतं, नाहीतर नावच कमी केलेलं असतं.

घरातल्या मारहाणीचा प्रश्न वेगळा काढला. सासू उशाशी बसलेली असताना तो विचारणं म्हणजे बाईला आणखी अडचणीत टाकणं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने अशा बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं, त्याला पंचवीसेक वर्षं होत आली. त्यांचा सगळा भर आडोशावर आणि प्रशिक्षित माणसावर आहे. आमच्याकडे आडोसा म्हणजे ड्रेसिंग रूम. म्हणून ठरलं की स्त्री वॉर्डात हा प्रश्न फक्त बाई इंटर्न विचारेल, ड्रेसिंग रूममध्ये, रुग्ण एकटी असताना. आणि पुढे काय करायचं हे मॅडमनी इंटर्नना समजावून सांगितल्याशिवाय सुरुवात नाही. तोवर तो रकाना कोरा राहिला तरी चालेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान. मॅडमना निवडणुकीची ड्यूटी लागलेली, आठवडाभर खोलीला कुलूप. आमचे कागद दाराच्या फटीतून आत. निकाल शनिवारी, म्हणजे सोमवारपर्यंत काही हलणार नाही.

या कुलपाचा एक फायदा झाला. मॅडम नसताना काय काय अडतं याची यादी आपोआप तयार झाली. सरकारी आरोग्य योजनेचं अडलं तर त्यासाठी नेमलेले आरोग्यमित्र आहेत, खाली काउंटरला. महात्मा फुले जन आरोग्य योजना यंदा १ जुलैपासून रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्यांना लागू झालीय, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. पण ती ठरलेल्या उपचारांना. सुनेच्या जेवणाला नाही, बुडालेल्या रोजाला नाही. रोज कोणीतरी भांडतं: "सरकारनं दवाखाने फुकट केले ना? मग केस पेपरचे पैसे कशाचे?" त्यांना समजावून सांगावं लागतं की १५ ऑगस्ट २०२३ चा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी होता, म्हणजे उपजिल्हा वगैरे, आम्ही वैद्यकीय शिक्षण विभागाचे. हे ऐकून आजारी माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघून मीच ओशाळते. त्याच्या दृष्टीने सरकार एकच.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आजची खाट सविस्तर लिहायला हवी. पस्तिशीतला गवंडी, फुप्फुसाचा क्षयरोग, वजन ३८ किलो. औषधं सुरू, क्षयरुग्णांच्या सरकारी 'निक्षय' पोर्टलवर नोंद झालेली. आमच्या दृष्टीने खाट मोकळी व्हायला हरकत नव्हती. इंटर्नने विचारलं, काल संध्याकाळी काय केलं होतं? बायको म्हणाली, भाकरी आणि ठेचा. परवा? भाकरी आणि ठेचा. डाळ कधी? "पोरं घरी असली की."

पोषण आहाराचे पैसे मिळतात का, विचारलं. नाही. निक्षय पोषण योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते, या १ नोव्हेंबरपासून १००० झालेत, तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत. पण पैसे थेट खात्यात जातात, आणि याचं जनधन खातं वापर नसल्याने बंद पडलेलं. केवायसीसाठी त्याला स्वतः बँकेत जायला हवं, आणि तो तर ऑक्सिजनवरून कालच उतरलाय. क्षयरोग विभागातल्या पर्यवेक्षकांनी बायकोच्या खात्याची वाट सुचवली. त्यांना हे नवीन नव्हतं. नवीन होतं ते मेडिसिन वॉर्डातून कोणी डिस्चार्जच्या आधी फोन करणं.

रात्री इंटर्नना झारखंडमधला 'रेशन्स' अभ्यास वाचायला दिला. अनुराग आणि माधवी भार्गव यांचं काम, २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेलं. क्षयरुग्णाला औषधांबरोबर महिन्याला दहा किलो शिधा दिला: तांदूळ, तूरडाळ, दूधभुकटी, तेल. एका गटात घरच्या माणसांनाही धान्य-डाळ दिली. त्या घरांत नव्याने होणारा क्षयरोग ३९ टक्क्यांनी कमी झाला, फुप्फुसाचा तर ४८ टक्क्यांनी. रुग्णाचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं की मृत्यूचा धोकाही उतरतो, हेही त्यातच दिसलं. एक इंटर्न म्हणाला, "मॅडम, म्हणजे डाळ हे औषधच झालं की. मग ते डिस्चार्ज कार्डावर का लिहीत नाही?"

तेव्हापासून लिहितो. 'पौष्टिक आहार घ्या' हे वाक्य आमच्या युनिटमध्ये बंद. त्याऐवजी वजन, दोन महिन्यांनी किती व्हायला हवं, खात्याचं काय झालं, आणि निक्षय मित्राकडून, म्हणजे क्षयरुग्णाला मदत करणाऱ्या दात्याकडून, शिधा मिळेल का यासाठी कोणाला भेटायचं.

५ डिसेंबर, गुरुवार

साखर कारखाने सुरू झालेत, ऊसतोड कामगारांच्या तळांवरून रुग्ण यायला लागलेत. काल रात्री चोवीस वर्षांचा ऊसतोड कामगार, डीकेए (इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साठणं), श्वास धापेचा, अंगातलं पाणी पार आटलेलं. टाइप वन मधुमेह, लहानपणापासून इन्शुलिनवर. आता शुद्धीवर आहे.

कॅज्युअल्टीच्या कागदावर कारण एका शब्दात: 'नॉन-कम्प्लायन्स'. म्हणजे औषध घेतलं नाही. बरोबर आहे, नाही घेतलं. आज सकाळी इंटर्न त्याच्याशी अर्धा तास बसली. तिने लिहून आणलेलं असं:

नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली. पहाटे चारला उठून भाकऱ्या, साडेचारला फडात. आमच्या कार्डावर लिहिलेलं, 'सकाळी नाश्त्यापूर्वी अर्धा तास'. नाश्ता म्हणजे काय हे त्याला माहीत आहे, पण फडात तो नसतो. पहिली भाकरी नऊच्या पुढे, मोळ्या बांधून झाल्यावर, गाडी भरायची घाई नसेल तर. तो चारला इन्शुलिन घ्यायचा आणि सहाला उसात घामाघूम होऊन बसायचा. दोनदा चक्कर येऊन पडला. हातात कोयता. मुकादम म्हणाला, असलं आजारी माणूस नको, उचल परत टाक. मग त्याने सकाळचं इन्शुलिन सोडलं. उरलेली कुपी कोपीत (झोपडीत), पत्र्याच्या पेटीत, दिवसभर तापणारी.

यात न घेण्याचं कारण किती सरळ आहे! फडात साखर उतरून पडायचं नव्हतं त्याला. आम्हीही तेच केलं असतं.

दुपारी सरांबरोबर बसून डोसची वेळ त्याच्या दिवसाप्रमाणे बसवली. सकाळचा डोस भाकरीच्या वेळी, फडातच. पहाटे निघताना अर्धी भाकरी तरी पोटात. खिशात गुळाचा खडा. इन्शुलिन ठेवायला दोन मडकी, मोठ्यात लहान, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं, सावलीला. आमच्या फार्मसीतली कुपी मिलीलीटरला ४० युनिटची, सिरिंजही ४० चीच, हे त्याच्या बायकोला मोजून दाखवायला लावलं. तिची मोजणी इंटर्नपेक्षा नीट होती. कुपी उघडल्याची तारीख तिच्यावरच खरडायची, चार आठवड्यांनी टाकायची.

त्यांचं रेशनही गावी पडून होतं. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे तळाजवळच्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळायला हवं. ते माहीत नव्हतं. आरोग्यमित्रांनी दुकानदाराचं नाव शोधून दिलं. दुकानदार देतो की नाही, ते पुढच्या फॉलोअपला कळेल. आलाच तर.

१३ डिसेंबर, शुक्रवार

जुने इंटर्न सर्जरीला गेले, नवे आले. पुन्हा सुरुवातीपासून. यातल्या काहींनी विद्यार्थीदशेत गावातल्या घरी भेटी दिलेल्या. चुलीजवळ बसून बोलायची त्यांना सवय आहे. त्यांना फार शिकवावं लागलं नाही. बाकीच्यांना एकच नियम: उत्तर ऐकून 'अरेरे' म्हणायचं नाही, आणि 'करतो काहीतरी' असंही म्हणायचं नाही. जे होणार असेल तेच सांगायचं.

२० डिसेंबर, शुक्रवार

विभागाची बैठक. मी जे जमलं ते मांडलं. दोन आक्षेप आले, दोन्ही बिनबुडाचे नव्हते.

एक, वेळ. इंटर्नला आधीच सॅम्पल पोचवणं, रिपोर्ट आणणं, स्ट्रेचर ढकलणं ही कामं आहेत. त्यात आणखी भर. यावर माझं उत्तर, स्ट्रेचर ढकलणं हे डॉक्टरचं शिक्षण नाही, हे आहे. कमी करायचं तर ते करा. सर हसले. स्ट्रेचरचं काही बदलणार नाही, ते मलाही माहीत आहे.

दोन, नोंद कुठे करायची? रेकॉर्ड विभाग आजारांना आयसीडी-१० या जागतिक वर्गीकरणाचे संकेतांक देतो. त्यात झेड ५५ ते झेड ६५ हा अख्खा पट्टा याच गोष्टींसाठी आहे: झेड ५९.४ पुरेसं अन्न नसणं, झेड ६०.२ एकटं राहणं. रेकॉर्डच्या कारकुनाने इतक्या वर्षांत हे कधी वापरले नव्हते, कारण डॉक्टर लिहीतच नाहीत. "तुम्ही लिहा, मी टाकतो," म्हणाला. माझी भीती वेगळी. संकेतांक टाकला की काम झालं असं वाटायला लागतं. संकेतांकाने कोणाच्या ताटात डाळ पडत नाही. तरी लिहायचं ठरलं. पुढे समाजसेवा अधीक्षकाचं दुसरं पद मागायचं तर कागदावर काहीतरी लागेल.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एसटीच्या प्रश्नाचा, आणि मला तो सुरुवातीला किरकोळ वाटला होता. आमच्याकडे डिस्चार्ज म्हणजे सकाळच्या राउंडला तोंडी, कागद हातात संध्याकाळी सहाला. गावची शेवटची गाडी साडेचारची. मग माणूस सुट्टी मिळूनही रात्रभर व्हरांड्यात, थंडीत, हातात औषधांची पिशवी. दम्याचा रुग्ण त्याच रात्री कॅज्युअल्टीतून परत.

आता राउंडच्या वेळी केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने गाडीची वेळ लिहितो. दुपारच्या गाडीवाल्यांचे कागद आधी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आणि बायकांना अर्ध तिकीट, हे लोकांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं, त्यामुळे ते सांगण्यात वेळ घालवायचा नाही. फार्मसी दीडला जेवायला बंद होते ही अडचण उरलीच. त्यांच्याशी बोलणं चालू.

यासाठी ना निधी लागला, ना परवानगी.

१७ जानेवारी, शुक्रवार

स्त्री वॉर्डात एका आजींनी इंटर्नला उलट विचारलं, "एवढं विचारताय, देणार काय?" इंटर्नने प्रामाणिकपणे सांगितलं: निराधार योजनेचा अर्ज मॅडम भरून घेतील, पण उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणावा लागेल. आजी म्हणाल्या, दाखल्यासाठी गेले होते, दोनदा. तलाठी भेटला नाही. "मग राहू दे, पण तू बस जरा." ती बसली. त्या दिवशीच्या रकान्यात काय लिहायचं यावर आमच्यात वाद झाला. शेवटी 'मदत नाकारली' असं लिहिलं नाही. 'दाखला अडला' असं लिहिलं. पहिल्यात दोष आजींचा होतो.

मारहाणीचा रकाना आता चालू. त्याबद्दल इथे तपशील लिहिणार नाही.

ऊसतोडवाला फॉलोअपला आला नाही. बायकोचा फोन लागला: साखर बरी आहे, तळ पुढच्या गावी हललाय, मडकी बैलगाडीत फुटली, नवी घेतली. दुकानदाराने धान्य दिलं, पण तांदूळच, गहू नाही.

गवंड्याचं वजन ४१. पहिला हप्ता बायकोच्या खात्यात आलाय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारच्या युनिटने आमचा कागद मागितला. फक्त कागद. त्यांना म्हटलं, कागद घेऊन जा, पण आधी तुमच्या वॉर्डात मॅडमकडे कोण जाणार, आरोग्यमित्राकडे कोण, क्षयरोग विभागाला फोन कोण करणार, ती तीन नावं भिंतीवर लावा. दोघांची नावं मिळालीत, तिसऱ्याचं ठरायचंय.

मॅडमच्या सांगण्यावरून प्रश्न आणखी कमी केले. घराच्या भिंती कच्च्या की पक्क्या, हा प्रश्न गेला. त्यावर कोणी काहीही केलं नव्हतं. प्रत्येक प्रश्नासमोर 'कोण बघणार' असा रकाना घातला आणि मजकूर छपाईला दिला. आज प्रूफ आलं. पान एका बाजूला बसावं म्हणून कारकुनाने नेमका तोच रकाना उडवलाय. म्हटलं, अक्षर बारीक करा, वरचा बोधचिन्हाचा चौकोन काढा, पाठपोट छापा, पण रकाना परत घाला. सोमवारी दुसरं प्रूफ देतो म्हणालाय.